आजीचा बंब आणि हवेचा आकडा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकासाठी कविता द्यावी, फार तर एखादे प्रवासवर्णन लिहावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. हवा मोजण्याच्या यंत्रावर लेख लिहिते म्हटल्यावर संपादक मंडळातील सरांनीही एकवार चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. विज्ञान विषय मी दहावीनंतर सोडला आणि त्या ताटातुटीचे दुःख आम्हां दोघांपैकी कोणालाच फारसे झाले नाही. तेव्हा यंत्राविषयी पुढे जे काही लिहिले आहे ते मी विचारून, वाचून आणि पुष्कळसे चुकून शिकले आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

या साऱ्याला कारण झाली माझी आजी. आमचे गाव चिपळूण तालुक्यात. आजीला गेली कित्येक वर्षे खोकला आहे. पावसाळ्यात तो वाढतो, थंडीत तर रात्र रात्र झोप लागू देत नाही. विहिरीपासून ओटीपर्यंतचा चढ चढून आली की तिला उंबऱ्यावर टेकावे लागते. घरात सगळे त्याला दमा म्हणत. दोन वर्षांपूर्वी बाबांनी तिला डॉक्टरांकडे नेले, मी सोबत होते. डॉक्टरांनी तिला एका नळीत जोराने फुंकायला लावले, कागदावर उमटलेली रेघ पाहिली आणि विचारले, “आजी, विडी किती वर्षं ओढत होतात?”

आजी पदर सावरून ताठ बसली. “आमच्या घरात पुरुषांनीसुद्धा कधी विडीला हात लावला नाही.”

“मग चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केलात?”

आजी बोटे मोजू लागली. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली. घरात गॅस आला तेव्हा बाबा नोकरीला लागले होते. हिशेब बत्तीस वर्षांवर आला. डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर ‘सी. ओ. पी. डी.’ अशी चार अक्षरे लिहिली. या विकारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. औषधाने, फवाऱ्याने आराम पडतो, पण गेलेले परत येत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा म्हणून हा रोग ओळखला जातो. आपल्याकडे मात्र तो विडी कधी न ओढलेल्या बायकांनाही होतो आणि त्याचे एक मोठे कारण चुलीचा धूर हे आहे.

परतीच्या एस. टी. त आजी फारशी बोलली नाही. घर जवळ आल्यावर म्हणाली, “म्हणजे स्वैपाक केला म्हणून हा रोग झाला म्हणायचं!” त्या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. घरात गॅस येऊन तीस वर्षे होत आली, तरी तिचा खोकला वाढतोच आहे. मग अजूनही आमच्या घरातल्या हवेत काही आहे काय? डोळ्यांना तर दिसत नव्हते. हातच्या काकणाला आरसा नको हे खरे, पण हवेचे काकण दाखवणार कसे?

हा प्रश्न विचारणारी मी पहिली नव्हे, हे वाचू लागल्यावर समजले. अमेरिकेतील कर्क स्मिथ नावाचे एक प्राध्यापक १९८१ साली गुजरातेतील खेड्यांत आले होते. शहरातील धुराड्यांची आणि मोटारींची मोजदाद तोवर जगभर होऊ लागली होती. स्वयंपाकघर मोजावे असे मात्र फारसे कोणाला सुचले नव्हते. स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा ओढणारा छोटा पंप आणि गाळणकागद बसवून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजले. १९८३ साली प्रसिद्ध झालेले ते निष्कर्ष पाहता, प्रदूषण म्हणजे शहर ही समजूत पार उलटी ठरत होती. पुढे बर्कली येथील विद्यापीठात याच स्मिथसाहेबांच्या गटाने एक नामी युक्ती काढली. अमेरिकेतील घरांच्या छताला आग लागल्याची सूचना देणारी एक स्वस्त डबी लावलेली असते. ती धूर ओळखतेच; मग तिलाच धूर मोजायला शिकवले तर? त्या डबीला आकडे साठवण्याची सोय जोडून त्यांनी स्वयंपाकघरात दिवसरात्र ठेवता येईल असे साधन तयार केले. तिला ना पंपाची घरघर, ना रोज गाळणकागद बदलण्याचा खटाटोप. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळच्या गावांतून सुधारित चुली वापरल्या जात होत्या, त्यांनी धूर खरोखर किती कमी होतो याच्या अभ्यासातही स्मिथ यांचा सहभाग होता. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. स्मिथ २०२० साली वारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्याच एका वर्षात जगात सुमारे बत्तीस लाख माणसे घरातल्या धुरामुळे दगावली. एवढी माणसे एखाद्या लढाईत मेली असती तर आपण इतिहासाच्या पेपरात तिचे सन-सनावळीसह टिपण लिहिले असते.

असो. आता आमच्या यंत्राकडे वळू.

माझा आतेभाऊ पदविका अभियांत्रिकीला आहे. त्याला मी दादा म्हणते आणि तो मला ‘आर्ट्सवाली’ म्हणतो. माझी अडचण ऐकून त्याने दोन आठवड्यांत एक यंत्र जुळवून आणले. आगपेटीएवढा एक संवेदक, त्याला जोडलेली एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी, आकडे दाखवणारा बोटभर पडदा आणि हे सारे ठेवायला नळकामाच्या दुकानातून आणलेला पी. व्ही. सी. पाइपचा वाकडा तुकडा. तीन हजारांच्या आत काम झाले, त्यांतले निम्मे माझ्या शिष्यवृत्तीतून गेले. पाइपची कल्पना दादाची नव्हे, हे त्यानेच कबूल केले. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात २०१५ साली काही हौशी नागरिकांनी असेच यंत्र पाइपच्या कोपरांत बसवून आपापल्या खिडकीबाहेर टांगायला सुरुवात केली आणि ते लोण पुढे देशोदेशी पसरले.

हे यंत्र चालते कसे, हे समजून घ्यायला पदार्थविज्ञान लागत नाही. दुपारी कौलातून माजघरात पडणारा कवडसा पाहिलेला असला की पुरे. एरवी हवा रिकामी दिसते. कवडसा पडला की त्याच हवेत असंख्य कण नाचताना दिसतात. कण आधीही तिथेच असतात. उजेड त्यांच्यावर आपटून आपल्या डोळ्यांकडे विखुरतो म्हणून ते ‘दिसू’ लागतात. संस्कृत आणि तत्त्वज्ञान घेतलेल्या मित्रमैत्रिणींना हे नवीन नाही. कवडशात दिसणाऱ्या या कणालाच आपल्याकडे त्रसरेणू म्हटले आहे. मनुस्मृतीने त्याला वजनमापातले पहिले माप मानले, तर न्याय-वैशेषिकांनी त्याला तीन द्व्यणुकांचा, म्हणजे सहा परमाणूंचा, ठरवले. परमाणूंचा हिशेब आजच्या विज्ञानाला मान्य होणार नाही, पण कवडशावरून सूक्ष्माचे माप घेण्याची कल्पना मात्र मला मोठी विलोभनीय वाटते. लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी एकोणिसाव्या शतकात नेमके हेच केले. काळोख्या खोलीत प्रकाशाचा एक झोत सोडला आणि त्याखाली ज्योत धरली. तेव्हा झोतात काळा धूर चढावा तशा पोकळ्या दिसू लागल्या. तो धूर नव्हताच. ज्योतीच्या उष्णतेने धूळ नाहीशी झाली होती आणि धूळ नसलेली हवा उजेडातही काळीच दिसते. हवेतली ही धूळ आणि रोगराई यांच्या संबंधावर त्यांनी १८७० साली व्याख्यान दिले.

आमच्या आगपेटीत असाच कवडसा कोंडलेला आहे. उन्हाऐवजी लेझरचा किरण आणि डोळ्याऐवजी प्रकाश ओळखणारा बारीक संवेदक. एक चिमुकला पंखा हवा आत ओढतो. कण किरणातून गेला की उजेड बाजूला विखुरतो आणि संवेदकाला एक लुकलुक जाणवते. लुकलुकीच्या जोरावरून कणाचा आकार आणि संख्येवरून दाटी, असे गणित आतली चकती करते आणि शेवटी पडद्यावर एक आकडा येतो : एक घनमीटर हवेत अडीच मायक्रॉनांहून बारीक कण किती मायक्रोग्रॅम आहेत. यांनाच पी. एम. २.५ म्हणतात. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी. मोठी धूळ नाकात, घशात अडते, शिंकेवाटे बाहेर पडते. हे बारीक कण मात्र फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

आकडा किती असावा? आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकांप्रमाणे बाहेरच्या हवेत दिवसाची सरासरी ६० च्या आणि वर्षाची ४० च्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली मर्यादा फार खाली आणली : दिवसाला १५, वर्षाला ५. एकाच फुप्फुसाला दोन न्याय कसे, असे माझ्या मनात आले. पण मानक ठरवताना काय चांगले याबरोबर काय शक्य याचाही विचार होतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

यंत्र स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले आणि मी वही घेऊन बसले. दर अर्ध्या तासाने आकडा लिहायचा आणि त्या वेळी घरात काय चालले आहे ते शेजारी नोंदवायचे. पहिल्याच दिवशी गंमत झाली. आईने सारे घर झाडले, नाकातोंडात धूळ गेली, मी सहा वेळा शिंकले. आकडा जेमतेम दहा-बाराने हलला. थोड्या वेळाने देवघरात दोन उदबत्त्या लागल्या, घर सुगंधित झाले, सर्वांना प्रसन्न वाटले. आणि आकडा चाळिशीतून थेट दोनशेच्या पुढे! दादाला विचारले तेव्हा उलगडा झाला. झाडलोटीची धूळ पुष्कळशी जाडी असते. ती या संवेदकाला नीट दिसतच नाही. उदबत्तीचा धूर अगदी बारीक. थोडक्यात, नाकाला जे त्रासदायक वाटते ते यंत्राला किरकोळ, आणि नाकाला जे आवडते त्यावर यंत्राचा आक्षेप.

फोडणीचेही तसेच. मोहरी तडतडली की आकडा उसळी घेई आणि खिडकी उघडी असली तर पंधरा मिनिटांत खाली येई. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडी नसे. तिच्यापुढे बाबांनी हौसेने घेतलेला फ्रीज उभा होता. त्याला हलवायला एक रविवार आणि थोडे भांडण लागले. पण खरा धक्का रात्री बसला. माझी आणि आजीची खोली एकच. डास फार, म्हणून पलंगाखाली रोज डासांची कॉइल लावायची आणि दार बंद करायचे, हा माझ्या लहानपणापासूनचा परिपाठ. यंत्र त्या खोलीत नेले आणि तासाभरात आकडा पाचशेच्या वर गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चीन आणि मलेशियातील कॉइली जाळून पाहिल्या होत्या. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. ज्या बाईने विडीला हात लावला नाही, तिच्या उशाशी आम्ही रोज रात्री प्रेमाने काय पेटवत होतो ते पाहून मी दुसऱ्याच दिवशी बाजारातून मच्छरदाणी आणली.

इथपर्यंत यंत्राची घरात चांगलीच प्रतिष्ठा वाढली होती. ती गणेश चतुर्थीला धुळीस मिळाली.

उकडीचे मोदक पात्रात होते. झाकण काढले, वाफेचा लोट उठला आणि फळीवरच्या यंत्राने सातशेचा आकडा दाखवला. आजी हसून हसून खोकली. “काय गो, मोदकाच्या वाफेला धूर म्हणतं तुझं यंत्र? याच्यावर विश्वास ठेवून माझी कॉइल काढलीत?” मला उत्तर देता येईना. खरे उत्तर असे की यंत्राला वाफ आणि धूर यांतला फरक कळत नाही. पाण्याचा सूक्ष्म थेंबही उजेड विखुरतोच. इतकेच नव्हे, हवा फार दमट असली की धुराचे काही कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र त्यांना आहेत त्यापेक्षा मोठे समजते. म्हणून आषाढातल्या एका रात्री घरात काही पेटलेले नसताना आकडा दीडशेवर बसला होता. कोकणात राहणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. आणखी एकदा तर आकडा तीन दिवस नऊशेच्या खाली येईना. दादाने तोंडाशी उजेड धरून पाहिले तर एका चिमुकल्या कोळ्याने लेझरच्या वाटेतच जाळे विणले होते. त्याच्या दृष्टीने जागा उत्तम होती. पंख्याच्या वाऱ्यावर चिलटे आपणहून येत असावीत.

मुळात, हे यंत्र काहीही वजन करत नाही. ते उजेड पाहते आणि वजन अंदाजाने सांगते. खरे वजन करायचे तर ठराविक हवा दिवसभर गाळणकागदातून ओढायची आणि आधीचे व नंतरचे वजन अतिसूक्ष्म तराजूवर करायचे. प्रमाण मानलेली पद्धत ती. सरकारी केंद्रांवरील मोठी यंत्रे तिच्याशी पडताळलेली असतात आणि त्यांची किंमत लाखांत जाते. स्वस्त संवेदकांची त्यांच्याशी तुलना करून पाहिली की बहुधा स्वस्तांचा आकडा चढा निघतो. अमेरिकेत वणव्यांच्या धुराच्या नकाशासाठी लोकांच्या घरची अशी यंत्रे वापरतात, तेव्हा तिथला पर्यावरण विभाग दमटपणा लक्षात घेऊन त्यांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणतो आणि मगच छापतो. मग आम्ही तीन हजार रुपये खर्चून बाजारगप्पा विकत घेतल्या की काय?

माझे उत्तर असे आहे, आणि या लेखात माझे म्हणून काही असेल तर ते एवढेच : या यंत्राचा आकडा वाचू नये, त्याचा चढउतार वाचावा. आईच्या हाताला ताप किती अंश आहे हे कळत नाही. पण सकाळपेक्षा संध्याकाळी कपाळ तापले आहे हे तिला बिनचूक कळते. आमचे यंत्र थर्मामीटर नव्हे, आईचा हात आहे. हे मला नुसत्या विचाराने सुचले असते तर मी स्वतःला हुशार म्हटले असते. मला ते बंबाने शिकवले.

झाले असे की, माझ्या वहीत रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेच्या नोंदीच नव्हत्या, कारण तेव्हा मी झोपलेली असे. वहीवरून पाहता आमचे घर पहाटे अगदी निर्मळ होते! संशोधन पद्धतीच्या तासाला सर नमुना निवडीतील दोष शिकवतात, त्याचे इतके ठळक उदाहरण मला पुस्तकात मिळाले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत दादाने यंत्रात आकडे साठवणारे कार्ड बसवले आणि दर मिनिटाची नोंद होऊ लागली. त्याने त्याचा आलेख काढून दाखवला. पहाटे सव्वापाचला रेघ एकदम उभी चढत होती, साडेतीनशेपर्यंत जात होती आणि सातपर्यंत हळूहळू उतरत होती. रोज. फोडणीहून मोठी आणि कितीतरी रुंद अशी ती टेकडी होती. त्या वेळी गॅस पेटलेला नसे, उदबत्ती नसे, कॉइल तर घरातून गेलेलीच.

आई म्हणाली, “अगं, बंब!”

स्वयंपाकघराला लागूनच आमची न्हाणी आहे आणि न्हाणीत तांब्याचा बंब. आजी पहाटे पाचला उठते, बंबात पाणी भरते आणि सोडणे, करवंट्या, वाळकी चुडते घालून पेटवते. घरातल्या साऱ्यांना अंघोळीला कढत पाणी मिळावे हे तिचे काम. गॅस आल्यावर चूल गेली, पण बंब तिने हातचा जाऊ दिला नाही. पावसाळ्यात सरपण ओलसर, म्हणून ती जवळ पाटावर बसून फुंकणीने फुंकत राहते. म्हणजे डॉक्टरांनी ज्या बत्तीस वर्षांचा हिशेब केला ती वर्षे संपलेलीच नव्हती. यंत्र त्या पाटाच्या उंचीवर, आजीचे तोंड येते तिथे ठेवून पाहिले, तर आकडा चार अंकी झाला. पाचशेच्या वर या संवेदकाचा तसा काही भरवसा नसतो, पण त्या पहाटे भरवशाचा प्रश्न नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते ते निव्वळ धुराने, असे मी तेव्हा सांगितले.

आजीपुढे आलेख ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाली, “पाण्याची वाफ असेल. मोदकाची आठवण आहे ना?”

आक्षेप बिनतोड होता. बंबातून वाफ निघतेच, पहाटेची हवा दमटही असते. मी दादाला गाठले. तो म्हणाला, आकड्यावर भांडू नकोस. बाकी सारे तेच ठेव आणि एकच गोष्ट बदल. मग आम्ही असे केले की तीन दिवस बंब नेहमीसारखा पेटवायचा आणि तीन दिवस तेवढेच पाणी गॅसवर तापवून न्हाणीत त्याच जागी नेऊन ठेवायचे. वेळ तीच, दारे-खिडक्या त्याच, वाफही तितकीच. दमटपणाचा आकडा दादाच्या दुसऱ्या एका संवेदकावर टिपला. त्यात दिवसादिवसांचा फरक नगण्य होता. बंबाच्या तिन्ही दिवशी टेकडी उभी राहिली. गॅसच्या तिन्ही दिवशी रेघ जवळजवळ आडवी. वाफेचा एखादा बारीक काटा तेवढा, तोही दोन मिनिटांत विरलेला. यंत्राचा आकडा दुप्पट खोटा असता तरी सहाही दिवस सारखाच खोटा असता. टेकडी मात्र तिनदाच आली.

आजी बराच वेळ त्या दोन रेघांवरून बोट फिरवत राहिली. मग विचारले, “चूल होती तेव्हा हे यंत्र ठेवलं असतं तर डोंगर दिसला असता, नाही?” मी होय म्हटले. “तेव्हा कुणी विचारलं नाही गो,” ती म्हणाली.

बंब मोडीत काढला नाही. तशी सूचना बाबांनी केली आणि लगेच मागेही घेतली. तो आता मागील दारी, माडाखाली उघड्यावर आहे. पावसाळ्यासाठी वर पत्रा घातला आहे, बाजू मोकळ्या. पेटवण्याचे काम बाबांकडे आले. आजी लांबून सूचना देते आणि बाबा आत गेले की एखादी करवंटी सरकवून येतेच. स्वयंपाकघरातली पहाटेची टेकडी गेली. उदबत्तीबाबत तह झाला : सकाळी एकच आणि खिडकी उघडी ठेवून. आजीचा खोकला कमी झाला का, असे मैत्रिणी विचारतात. या हिवाळ्यात तिला गेल्या वर्षापेक्षा चार रात्री अधिक झोप लागली असेल. पण फवारा ती आता नियमित घेते, मच्छरदाणीही आली आहे, तेव्हा श्रेय कोणाला द्यावे हे मला ठरवता येत नाही. येथे एकच गोष्ट बदलून पाहण्याची माझी तयारी नाही.

आता ज्यांना असे यंत्र घ्यावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे. हे यंत्र कण पाहते, वायू पाहत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून माणसे मरतात ती कार्बन मोनॉक्साइडने. त्या वेळी आमचे यंत्र शेजारी ठेवले तरी शांतपणे तीस-पस्तीस दाखवत बसेल. त्या वायूसाठी वेगळा, विद्युत-रासायनिक संवेदक लागतो, आणि त्याहून आधी उघडी खिडकी लागते. कोंदटपणा मोजायचा तर कार्बन डायॉक्साइड पाहावा. म्यूनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच सांगून ठेवले आहे की, खोलीच्या हवेत तो हजार भागांत एकाहून अधिक झाला की खोली कोंदली समजावी. बाहेर तो दहा हजारांत चारांच्या किंचित वर असतो. मात्र बाजारात या वायूच्या नावाने मिळणाऱ्या फार स्वस्त डब्या बहुधा तो मोजतच नाहीत, दुसऱ्याच वासांवरून अंदाज बांधतात. विकत घेताना अवरक्त किरणांवर चालणारा संवेदक आहे का, एवढे विचारावे. दुकानदार गोंधळला तर दुसऱ्या दुकानात जावे.

आमचे यंत्र सध्या अर्थशास्त्र विभागाच्या कपाटात आहे. बाईंच्या परवानगीने तेथे एक नोंदवही ठेवली आहे. नाव लिहून कोणालाही ते सात दिवस घरी नेता येईल. मोबाईलच्या चार्जरवर चालते, चार्जर आपला आणावा. माणूस जिथे श्वास घेतो त्या उंचीवर ठेवावे, म्हणजे निजणाऱ्यासाठी उशाशी आणि चुलीपुढे बसणाऱ्यासाठी पाटाशी. कुकरच्या वाफेपासून दूर ठेवावे. पहिले दोन दिवस काहीही बदलू नये, नुसते पाहावे आणि घरात केव्हा काय पेटले ते कागदावर लिहावे, कारण कार्डावर फक्त आकडे राहतात. आणि परत करताना तोंडाशी फुंकर मारून कोळी नाही ना, हे पाहावे. वहीत पहिले नाव आमच्या शिपाईमामांचे आहे. त्यांच्याकडेही बंब आहे.